‘डेड स्टॉक’ म्हणजे काय? धरण शून्य टक्के, तरी पाणी दिसतं कसं?

उन्हाळा लागला की जुन्नर-आंबेगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘धरण डेड स्टॉकमध्ये’ असा मेसेज फिरतो. खाली कुणीतरी फोटो टाकतं, ‘मग हे पाणी कुठलं?’ दोघंही खरं सांगत असतात.

कालव्याला पाणी सोडायचं दार धरणाच्या तळाशी नसतं, थोडं वर असतं. दाराच्या वरचं पाणी आपोआप वाहून येतं, तो उपयुक्त साठा. दाराच्या खाली उरतो तो मृतसाठा, इंजिनिअरच्या भाषेत ‘डेड स्टोरेज’. बोलताना त्याचं ‘डेड स्टॉक’ झालं. (शाळा-ग्रामपंचायतीतलं डेड स्टॉक रजिस्टर वेगळं, त्यात टेबल-खुर्च्या असतात.) ही जागा मुळात गाळासाठी सोडलेली असते.

रोज येणारी टक्केवारी बहुतेक वेळा उपयुक्त साठ्याची असते. म्हणून शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे. उजनीत तर आकडा उणे होतो, कारण तिथं मृतसाठाच ६३ टीएमसीच्या पुढे आहे आणि उपयुक्त साठा साधारण ५३. ‘उणे २० टक्के’ म्हणजे मृतसाठ्यातलं पाणीही उचललं गेलं.

आपल्याकडं प्रत्येक धरणाचं गणित वेगळं. डिंभ्यात एकूण साठा साडेतेरा टीएमसीच्या आसपास, त्यातला साडेबारा उपयुक्त. मृतसाठा जेमतेम एक. पिंपळगाव जोगे उलटं. तिथं उपयुक्त साठा चार टीएमसीच्या आत आणि मृतसाठाही जवळपास तेवढाच. त्यामुळं या धरणाच्या मृतसाठ्यावर खालच्या तालुक्यांचा डोळा असतो, आणि तो सोडायचा म्हटलं की ओतूर भागातून विरोध होतो. काठावरच्या गावांच्या पाणीयोजना आणि उपसा मोटारी त्याच पाण्यावर तगून असतात. पातळी खाली गेली की पाइप वाढवा, मोटार पुढं सरकवा, खर्च शेतकऱ्याच्या डोक्यावर.

मृत म्हणजे निघतच नाही, असं मात्र नाही. पंपानं उपसता येतं, खालच्या पातळीवर दुसरं दार असेल तर सोडताही येतं. डिंभे-माणिकडोह बोगद्याच्या वादातही आंबेगावकरांचा प्रश्न हाच आहे, बोगद्याचं तोंड कोणत्या पातळीवर? तोंड जितकं खाली, तितकं जास्त पाणी बाहेर जाणार.

पुढच्या वेळी मेसेज आला की आधी बघा, टक्के एकूण साठ्याचे की उपयुक्त साठ्याचे? आणि एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर.