"गॅस संपलाय, भरून घ्या"



उन्हाळा लागला की गाडीच्या एसीचा विषय निघतोच, आणि गॅरेजमधलं उत्तरही ठरलेलं: "गॅस संपलाय, भरून घ्या." आता हा गॅस काही पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. मग ही भरून घेण्याची सवय आली कुठून?

कारखान्यातून एसीसकट येणारी पहिली गाडी १९४० सालची पॅकार्ड. अर्धी डिकी त्या यंत्रानेच भरायची! कॉम्प्रेसरला क्लच नव्हता, त्यामुळे एसी बंद करायचा तर इंजिन थांबवा, बॉनेट उघडा आणि पट्टा काढा. त्या काळापासून गाड्यांत वापरला गेला तो आर-१२. थॉमस मिजली यांच्या गटाने १९२८ च्या सुमारास शोधलेल्या वायूंपैकी हा एक, न पेटणारा, विषारी नसलेला. (पेट्रोलमध्ये शिसं घालायची कल्पनाही याच गृहस्थांची. असो.) आर-१२ इतका स्वस्त होता की गळती शोधण्यापेक्षा दरवर्षी डबा ओतणं परवडायचं. सवय लागली ती तिथे.

१९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी असे वायू ओझोनचा थर खातात हे दाखवलं, १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला आणि १९९५ अखेर अमेरिकेत आर-१२ चं उत्पादन थांबलं. भाव कडाडले, मायामीत तर त्याची चोरटी आयात सुरू झाली.

१९९७ मध्ये ह्यूस्टनला माझ्याकडे १९८९ ची गाडी होती. एक गॅरेजवाला जुन्या गॅसवरच नवा आर-१३४ए भरायला निघाला, वर म्हणे "सगळे असंच करतात." पण आर-१२ सोबतचं खनिज तेल नव्या वायूत विरघळत नाही, म्हणजे कॉम्प्रेसरपर्यंत नीट परतत नाही आणि तो कोरडा फिरून जाम होतो. मी गाडी तिथून हलवली. दुसऱ्याने आधी गळती शोधली, कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील गेलं होतं. मग जुना गॅस यंत्राने काढून घेतला, सील आणि तेल बदललं आणि नवा भरला. पैसे जास्त लागले, पण पुढची पाच वर्षं एसीकडे बघावं लागलं नाही.

आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण त्याचा एक किलो हवेत गेला तर तापमानवाढीच्या हिशेबात सुमारे १४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका पडतो. म्हणून युरोपात २०१७ पासून नव्या गाड्यांत तो बंद झाला आणि बहुतेक ठिकाणी आर-१२३४वायएफ आला, जो बराच महाग आहे. तेव्हा आधी बॉनेटखालचं लेबल वाचा, कोणता गॅस आणि किती ग्रॅम ते तिथे लिहिलेलं असतं.

हायवेवर गार आणि सिग्नलला कोमट हवा येत असेल तर आधी कंडेन्सरचा पंखा फिरतोय का पाहा. क्लच लागतच नसेल तर गॅस कमी झाल्यामुळे प्रेशर स्विचने तो अडवलेला असू शकतो. तसं निघालं, तर भरण्याआधी गळती कुठे आहे ते विचाराच.