अकरा स्क्रू आणि एक चुकीची नोंद

मी बी.कॉम. झालेला, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. वाद्यातलं मला फारसं कळत नाही. तरी आज गिटारवर लिहितोय, कारण एक जुना हिशेब चुकता करायचा आहे.

आमच्या बेळगावात तेव्हा गणपतीत ऑर्केस्ट्राची धूम असायची. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, अशाच एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. १९७३ साली बोटीवर नोकरी करणाऱ्या एका म्हापशाच्या माणसाकडून त्याने जपानी बनावटीची इलेक्ट्रिक गिटार घेतली. पैसे तीन हप्त्यांत दिले, वडिलांना न सांगता.

१९७९ साली ऐन गणपतीत तिचा स्विच बिघडला. कॅम्पात एक रेडिओ दुरुस्त करणारे होते, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्यांनी दोन दिवसांत काम करून दिलं. पण दादा वाजवायला बसला तर मधल्या पिकअपचा आवाज बारीक. झालं! दादाने ठरवूनच टाकलं, की परदेशी पिकअप काढून घेतला आणि हलका बसवला. दुकानात जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर तसं बोलला. मामा एवढंच म्हणाले, "मी फक्त स्विचला हात लावलाय." दादाने ऐकलं नाही. त्यानंतर तो त्या दुकानाची पायरी चढला नाही. आमच्या घरातही 'कॅम्पातल्याने फसवलं' हे कायमचं लिहिलं गेलं. मीसुद्धा कधी विचारलं नाही, पुरावा काय म्हणून.

दादा दोन वर्षांपूर्वी गेला. गेल्या दिवाळीत वहिनींनी ती गिटार माझ्या नातवाला दिली. तो म्हणाला, "आजोबा, ही उघडायला लागेल." मी बॅटरी धरून शेजारी बसलो, आणि त्याने मला एकेक गोष्ट सांगितली. काही मी नंतर स्वतः वाचली.

ही गिटार ज्या नमुन्यावर बेतलेली आहे, तो लिओ फेंडर यांचा. जन्म १९०९, कॅलिफोर्निया. गंमत म्हणजे हा माणूस आमच्याच जातकुळीतला. कॉलेजात अकाउंटन्सी शिकलेला, खातेवह्या लिहिण्याची नोकरी करणारा. मंदीत नोकरी गेली, तेव्हा ६०० डॉलर उसने घेऊन १९३८ साली फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. म्हणजे कॅम्पातल्या मामांचाच धंदा! या गृहस्थांना गिटार वाजवता येत नव्हती, शेवटपर्यंत नाही. पण वाजवणारे दुरुस्तीला यायचे, त्यांच्या तक्रारी ते नीट ऐकून घ्यायचे.

त्यातून त्यांना एक कळलं, की वस्तू अशी हवी जी उघडता येईल. जुन्या गिटारींची मान सरसाने कायमची चिकटवलेली असे. फेंडर यांनी ती चार स्क्रूंनी जोडली. तिला 'बोल्ट-ऑन' म्हणतात, पण असतात ते लाकडात जाणारे स्क्रूच. मान खराब झाली तर दुसरी लावा. १९५० साली त्यांची सपाट, भरीव लाकडाची गिटार बाजारात आली, पुढे तिचं नाव टेलिकास्टर पडलं. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली. तिच्यात तिन्ही पिकअप, स्विच आणि आवाजाची बटणं एकाच प्लास्टिकच्या पत्र्यावर बसवली. हेच पिकगार्ड. नाव पाहिलं तर लाकडावर ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली पट्टी, पण इथे सगळी यंत्रणाच तिच्या पाठीवर. सुरुवातीला तिला ८ स्क्रू होते, १९५९ पासून ११ झाले. १९६५ साली सीबीएस कंपनीने फेंडर यांचा सगळा व्यवसाय १ कोटी ३० लाख डॉलरला घेतला. ६०० वरून!

आता आमची गिटार. नातवाने आधी मोबाइलवर फोटो काढले. तारा सैल करून काढल्या. मग अकरा स्क्रू. ते त्याने वहिनींच्या इडलीपात्राच्या खळग्यांत क्रमाने ठेवले. पत्रा तरीही उचलेना. मी म्हटलं, जरा जोर लाव. तो म्हणाला, "आजोबा, इथेच लोक पत्रा मोडतात." आमच्या गिटारीत मानेचं टोक पत्र्यावर किंचित आलेलं आहे. म्हणजे आधी मागचे चार स्क्रू काढून मान सोडवायची, मगच पत्रा निघतो. तोही एकदम ओढायचा नाही. खालून वायरी गेलेल्या असतात, एक प्लगच्या खाचेकडे, एक मागच्या स्प्रिंगांकडे आर्थिंगची. पुस्तकाचं पान उलटावं तसा त्याने तो उलटला.

पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे. तिन्ही पिकअप सारखे. तिन्हींच्या तळाला एकाच शाईचा, एकाच नमुन्याचा शिक्का. वायरी एकाच रंगाच्या, सगळे टाके एकसारखे. वेगळा टाका एकच होता, तो स्विचवर, जरा जाडसर. आणि लाकडाच्या खोबणीत पिवळी पडलेली चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने १९७९ ची तारीख, 'स्विच' एवढा एकच शब्द आणि मामांची आद्याक्षरं.

नातू म्हणाला, फेंडरच्या कारखान्यातही असंच असायचं. टाडेओ गोमेझ नावाचे कामगार मानेच्या लपलेल्या टोकावर पेन्सिलीने आपली आद्याक्षरं लिहीत. पत्र्याखाली चिकटपट्टीवर मेरी, ग्लोरिया अशी जोडणी करणाऱ्या बायकांची नावं सापडतात. मला आमची व्हाउचर आठवली. केलेल्या कामाखाली सही, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर जबाबदार मी. ज्याला चोरी करायची आहे तो आत सही करून ठेवत नाही.

मग आवाज बारीक का झाला? पिकअप दोन स्क्रूंवर लटकतो आणि रबरी नळ्या त्याला वर धरून ठेवतात. मधल्याच्या नळ्या चेपून गेल्या होत्या, पिकअप खाली बसला होता. तारांपासून लांब गेला की आवाज पडतोच. तेव्हाही हेच झालं असणार. नव्या नळ्या घातल्या, स्क्रू फिरवून पिकअप वर घेतला, तर आवाज बाकीच्या दोघांच्या बरोबरीचा!

मामा केव्हाच गेले. त्यांच्या मुलाचं आता तिथेच मोबाइलचं दुकान आहे. मी ती चिकटपट्टी पाकिटात घालून गेलो, सगळं सांगितलं, दादाच्या वतीने हात जोडले. त्याने अक्षर लगेच ओळखलं. जरा वेळाने म्हणाला, "काका, त्यानंतर बाबांनी वाद्याचं काम घेणंच सोडलं होतं. का ते आम्हाला कधी सांगितलं नाही." चहा मागवला त्याने. माझ्या घशाखाली काही लवकर उतरला नाही.

बँकेत चुकीची नोंद खोडत नाहीत, उलट नोंद करून दुरुस्त करतात, दोन्ही वहीत राहतात. म्हणून हे इथे, सगळ्यांसमोर लिहिलं. दादा चुकला होता. आम्हीही चुकलो.

कॅम्पातल्या त्या दुकानात कुणी कधी रेडिओ दुरुस्त करून घेतला असेल, तर आठवण जरूर लिहा. त्यांच्या मुलाला वाचून दाखवीन.