पडद्याची झीज

ओएलईडी मॉनिटरवर वर्षानुवर्षे खेळ खेळणाऱ्या मंडळींत ‘बर्न-इन’ या शब्दाची मोठी धास्ती आढळते. एका जागी स्थिर राहिलेले चित्र पडद्यावर कायमचे उमटून बसते, असा त्याचा अर्थ. पगारातून महिनोन्महिने बाजूला काढलेल्या पैशांनी एखादी महाग वस्तू घ्यावी आणि मग ती वापरण्यासच मन धजू नये, ही स्थिती चमत्कारिक खरी. परंतु तिची चेष्टा करण्यात अर्थ नाही. ही धास्ती ओएलईडीच्या जन्मापूर्वीची आहे. ती वारशाने आली आहे, आणि वारशातील इतर चीजवस्तूंप्रमाणे तिच्यातही उपयोगाचे किती व अडगळ किती, हे एकदा निवडून पाहावयास हवे.

कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली कॅथोड-किरण नलिका तयार केली. दूरचित्रवाणीचे संच पुढे अनेक दशके याच नलिकेवर चालले. तिच्या काचेला आतून फॉस्फरचा लेप असतो आणि इलेक्ट्रॉनांचा मारा झाला की तो उजळतो. मारा एकाच जागी दीर्घकाळ होत राहिला, की तेथील लेपाची उजळण्याची शक्ती क्षीण होते. ‘जळणे’ हा शब्द शोभला तो येथे. आरंभीच्या नलिकांना आणखी एक व्याधी होती. आतील जड आयन चुंबकीय क्षेत्राला फारसे जुमानीत नसत. ते सरळ पडद्याच्या मध्यावर आदळत आणि तेथे तपकिरी डाग पडे. आयनांना अडविणारा सापळा आणि लेपामागे ॲल्युमिनियमचा पातळ थर, अशा उपायांनी तो डाग गेला. स्थिर चित्राचा डाग मात्र राहिला, कारण तो यंत्राच्या दोषातून नव्हे, तर माणसाच्या वापरातून उत्पन्न होत होता.

हे प्रकर्षाने दिसले ते नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांत. नामको या जपानी कंपनीचा ‘पॅक-मॅन’ हा खेळ १९८० साली आला. त्यातील चक्रव्यूह आरंभापासून अखेरपर्यंत एकच. भुतांची चपळाई वाढते, पण भिंती जागच्या हलत नाहीत. कोणी खेळत नसले तरी गिऱ्हाइकाला भुलविण्यासाठी पडद्यावर नमुन्याचा खेळ चालूच. सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री बंद होईपर्यंत त्याच भिंती त्याच जागी उजळत राहिल्या, आणि पुढे पुढे वीज बंद केल्यावरही काचेवर त्या चक्रव्यूहाच्या रेषा स्पष्ट दिसू लागल्या. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नुकसान होई ते यंत्राच्या मालकाचे; खेळणारा आपले नाणे संपवून निर्धास्त घरी जाई. पडदा खेळणाऱ्याच्या मालकीचा झाला, तेव्हाच ही चिंता त्याच्या वाट्यास आली. अटारीचा घरगुती संच १९७७ साली बाजारात आला; त्याच्या कित्येक खेळांत, खेळणारा उठून गेला की चित्राचे रंग आपोआप पालटू लागत, ते याच कारणाने.

कचेरीतील संगणकांचीही तीच कथा. जॉन सोचा याने डिसेंबर १९८३ मध्ये ‘सॉफ्टॉक’ मासिकात एक लहानसा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तीन मिनिटे कळफलकाला हात लागला नाही, तर तो पडदा काळा करी. सहा वर्षांनी पंख फुटलेले टोस्टर पडद्यावर उडू लागले आणि औषधाचा अलंकार झाला. पुढे द्रव-स्फटिकांचे पडदे आले, मूळ रोग बहुतांशी ओसरला, तरी अलंकार राहिलाच. मधल्या काळात प्लाझ्मा पडद्यांनी जुनी भीती पुन्हा जागविली. पण त्यांचे उत्पादन २०१४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी थांबविले.

ओएलईडीचा पाया ईस्टमन कोडॅकच्या प्रयोगशाळेतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाने घातला गेला. येथे मागून उजेड पाडणारा दिवा नाही. सेंद्रिय द्रव्याचे सूक्ष्म बिंदू विजेने स्वतःच उजळतात. म्हणूनच यातील काळा रंग खरोखर काळा: तेथील बिंदू विझलेला असतो. पण जो स्वतः उजळतो तो स्वतः झिजतोही. निळ्या बिंदूची झीज अधिक त्वरेने होते, कारण निळ्या प्रकाशास लागणारी ऊर्जा मोठी असते आणि ती रेणूंचे बंध तोडण्यास पुरेशी ठरते. तेव्हा ‘जळणे’ हा शब्द या पडद्यास लागू नाही, ‘झिजणे’ म्हणावे. घाटाची पायरी मध्येच खोल होते, कारण सर्वांचे पाय तेथेच पडतात. पायरी सगळीकडे सारखी झिजली असती, तर ती कोणाच्या लक्षातही आली नसती. पडद्याचे नेमके असेच आहे. त्यामुळे उपाय शोधले गेले तेही झीज थांबविण्याचे नसून ती सारखी करण्याचे आहेत: चित्र एक-दोन बिंदूंनी सरकविणे, स्थिर चिन्हाचा उजेड मंद करणे, आणि पडदा बंद असताना बिंदूंची अवस्था मोजून थकलेल्यांना अधिक वीज पुरविणे.

मग खेळणाऱ्याने भ्यावे किती? कॅनडातील आरटिंग्ज या परीक्षण करणाऱ्या संस्थेने २०१८ साली एलजीचे सहा संच दिवसाकाठी वीस तास चालू ठेवून पाहिले. अखंड बातम्यांच्या वाहिनीचे स्थिर पट्टे उघड उमटले. फुटबॉलच्या खेळातील गुणफलकाच्याही खुणा राहिल्या. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या युद्धाच्या खेळाने मात्र नऊ हजार तासांनंतरही नजरेत भरेल असे काही मागे ठेवले नाही. ते संच जुन्या घडणीचे होते, हे खरे. तथापि त्यातून निघणारा धडा मला महत्त्वाचा वाटतो. तासांची नुसती बेरीज निरुपयोगी आहे. काय हलत नाही आणि ते किती उजळ आहे, हे पाहिले पाहिजे. जो मनुष्य दर आठवड्यास खेळ बदलतो, त्याच्या पडद्यास खेळापासून भय थोडे. त्याच मॉनिटरवर दिवसभर पांढरे तक्ते, आणि तळाशी तीच ती चिन्हांची पट्टी उघडी ठेवून काम केले, तर भय बरेच अधिक. ज्याचा जन्म तक्ते भरण्यात जावयाचा, अशा माझ्यासारख्या कारकुनाला हे मान्य करणे जड जाते. पण गुन्हेगार खेळापेक्षा कचेरीच अधिक आहे!

२०२२ साली डेलने आपल्या एलियनवेअर नावाच्या ३४ इंची ओएलईडी मॉनिटरची तीन वर्षांची हमी दिली आणि तीत बर्न-इनचा स्पष्ट समावेश केला. पुढे इतर काही उत्पादकांनीही तोच मार्ग धरला. त्यामुळे चक्रव्यूहाच्या यंत्राच्या मालकावर एकट्यावर पडणारे नुकसान आता निदान काही वर्षांपुरते विकणाऱ्याने आपल्या शिरावर घेतले आहे.