ब्रेकवरचा अविश्वास

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात लॅरमी ते वॉलकॉट जंक्शन हा इंटरस्टेट-८० महामार्गाचा सुमारे ७७ मैलांचा टप्पा ३ ऑक्टोबर १९७० रोजी खुला झाला. जुना रस्ता रॉक रिव्हर, मेडिसिन बो ही गावं घेत उत्तरेकडून वळसा घालून जायचा. नव्या रस्त्यानं अंतर वाचवायला थेट एल्क माउंटनची वाट धरली. तिथल्या जुन्या रहिवाशांनी आधीच बजावलं होतं, की हिवाळ्यात त्या अंगाला वारा आणि बर्फ कुणाला टिकू देत नाही. त्यांचं कुणी ऐकलं नाही. उद्घाटनाला आठवडा उलटायच्या आत पहिलं हिमवादळ आलं. व्हिएतनाम युद्धाचे ते दिवस. लोकांनी या टप्प्याचं नाव 'स्नो ची मिन्ह ट्रेल' पाडलं आणि ते आजही टिकून आहे.

या पट्ट्यात बर्फ आभाळातून पडतो त्याहून जास्त जमिनीवरून उडत येतो. वारा तो रस्त्यावर आणून टाकतो, चाकांखाली तो दबतो, गोठतो आणि डांबरावर काच बसवल्यागत थर तयार होतो. रोनाल्ड टॅबलर या शास्त्रज्ञानं १९७१पासून रस्त्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला लाकडी कुंपणं उभारायचं तंत्र बसवलं. कुंपणामागं वारा मंदावतो आणि बर्फ रस्त्यावर पोचण्याआधी तिथंच साठतो. उपाय साधा आणि कमालीचा गुणकारी ठरला. पण कुंपणानं रस्ता सुधारला. त्यावरून घसरणाऱ्या ट्रेलरचा प्रश्न वेगळा होता आणि तो सुटायला आणखी पाव शतक जायचं होतं.

हा प्रश्न ट्रेलरच्या जन्मापासूनचा. डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहारानं १९१४मध्ये फ्रेडरिक सिबली नावाच्या लाकूड व्यापाऱ्याची होडी वाहून न्यायला फोर्ड मॉडेल-टीच्या मागं जोडायचा गाडा बनवून दिला. सिबलीला तो इतका आवडला, की त्यानं लाकूड वाहायलाही तसेच गाडे मागवले. पुढं ओढणारा ट्रॅक्टर, मागं माल, मध्ये फिरता सांधा. माल उतरेपर्यंत ट्रॅक्टरला खोळंबून राहावं लागत नाही, हा मोठा फायदा. तोटा त्याच सांध्यात दडलेला.

चाक फिरत असतं तोवरच टायर गाडीला आडवं सरकू देत नाही. चाक जाम झालं, की ही पकड सुटते. निसरड्या रस्त्यावर ट्रॅक्टरची मागची चाकं जाम झाली तर त्याचं बूड बाजूला सरकतं, मागून ट्रेलरचं वजन रेटतं आणि खिशातला चाकू मिटावा तशी केबिन वळून ट्रेलरच्या अंगावर आदळते. हेच जॅकनाइफ. ट्रेलरची चाकं जाम झाली तर ट्रेलरचं शेपूट शेजारच्या लेनमध्ये झाडू मारत जातं. पुढची जाम झाली तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी नाकासमोर सरळ जाते. त्यात रिकामा ट्रेलर भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा, कारण १९७४च्या कायद्यानं ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३६ टनांपर्यंत भार मान्य केला आणि ब्रेकची ताकद त्या भाराच्या हिशेबानं असते. चाकांवर वजन नसेल तर पाय जरा जोरात पडताच ती जाम होतात.

रस्ता निसरडा व्हायला बर्फच लागतो असंही नाही. पाऊस सुरू होताच पहिल्या काही मिनिटांत डांबरावरचं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून वर येते. खंडाळ्याच्या घाटात जूनमध्ये गाडी हाकणाऱ्याला हे कुणी सांगायला नको.

अमेरिकी ड्रायव्हरांनी यावर आपापले तोडगे काढले. स्टिअरिंगजवळ एक छोटी दांडी असायची. ती ओढली की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागत. गाडी वाकडी व्हायला लागली की दांडी ओढायची, मग ट्रेलर मागं खेचून धरतो आणि गाडी सरळ होते, असा हिशेब. बर्फावर मात्र ट्रेलरचीच चाकं जाम होत आणि शेपूट आणखी फिरे. दुसरा तोडगा पुढच्या ब्रेकचा. स्टिअरिंग हातातून जाईल या धास्तीनं कित्येक जण पुढच्या चाकांचे ब्रेक चक्क काढून टाकत. तीन आसांच्या गाड्यांना ती मुभा अनेक वर्षं नियमातच होती. काही गाड्यांच्या डॅशबोर्डवर 'निसरडा रस्ता' असा खटका असे. तो फिरवला की पुढच्या ब्रेकचा दाब निम्मा होई. नंतरच्या चाचण्यांतून उलटंच दिसलं: पुढचे ब्रेक बर्फावरही उपयोगीच पडतात आणि त्यांच्यामुळं पुढची चाकं घसरण्याचा संभव कमी असतो. अखेर २५ जुलै १९८०पासून बनलेल्या गाड्यांना पुढचे ब्रेक सक्तीचे झाले.

उतारावरच्या भीतीतून आणखी एक यंत्र जन्मलं. डिझेल इंजिनं बनवणारे क्लेसी कमिन्स १९३१मध्ये आपल्या इंजिनाची जाहिरात म्हणून ट्रक घेऊन देश ओलांडत होते. कॅलिफोर्नियातल्या कॅहोन खिंडीच्या उतारावर ब्रेक तापून निकामी झाले. खाली रेल्वेचं फाटक होतं आणि मालगाडी जात होती. तिचा शेवटचा डबा सरकला आणि ट्रक रूळ ओलांडून निसटला. ही घटना कमिन्स विसरले नाहीत. इंजिनच गाडीला आवरेल अशी रचना त्यांनी पुढं शोधली आणि जेकब्ज कंपनीनं ती १९६१मध्ये बाजारात आणली. डोंगरउतारांवर तिनं असंख्य जीव वाचवले असतील. पण ती फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना आवरते, त्यामुळं बर्फावर तीच जॅकनाइफला निमंत्रण देते. म्हणून रस्ता ओला दिसला, की जाणता ड्रायव्हर आधी तिचा खटका बंद करतो.

सरकारनं ब्रेकच्या प्रश्नात हात घातला तो १९७५मध्ये. नव्या नियमानुसार ताशी ६० मैलांच्या वेगातला ट्रक १२ फुटी लेन न सोडता आणि चाकं जाम न होऊ देता ठरावीक अंतरात थांबायला हवा होता. तेव्हा ते अँटिलॉक यंत्रणेशिवाय जमणारं नव्हतं. ही यंत्रणा चाकाचा वेग मोजते आणि चाक जाम व्हायला लागताच ब्रेकचा दाब क्षणभर सोडते. कल्पना उत्तम, विमानांत रुळलेलीही. पण मीठ, चिखल, हादरे आणि गारठा यांत दिवसरात्र धावणाऱ्या ट्रकसाठी तेव्हाचं इलेक्ट्रॉनिक्स कच्चं होतं. ब्रेक ऐनवेळी दगा देतात, रेडिओ लहरींनी बिघडतात, अशा तक्रारी आल्या. कित्येकांनी तारा तोडून यंत्रणाच बंद केली. पॅकार या ट्रक उत्पादकानं दाखल केलेल्या खटल्यात १९७८मध्ये नवव्या सर्किट न्यायालयानं नियमाचा हा भाग रद्द केला.

तारा तोडणाऱ्या ड्रायव्हरांना अडाणी ठरवणं अन्यायाचं आहे. आपल्या जिवाची हमी देणारं यंत्र आधी सिद्ध करा, मग बसवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं आणि ते रास्त होतं. घाईनं लादलेल्या यंत्रणेनं त्यांचा विश्वास गमावला. तो परत मिळायला जवळपास वीस वर्षं गेली आणि त्या काळात टाळता आले असते असे जॅकनाइफ होत राहिले.

दुसरीकडे युरोपात मर्सिडीज-बेंझ आणि वॅबको यांनी १९८१मध्ये ट्रकसाठी नवी, पक्की यंत्रणा आणली. अमेरिकी सरकारनंही या वेळी सबुरीनं घेतलं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस २०० ट्रॅक्टरांवर अशी यंत्रणा बसवून, ते नेहमीच्या मालवाहतुकीत पळवून, बिघाडांच्या नोंदी ठेवल्या. त्यानंतर १९९५मध्ये नियम निघाला: १ मार्च १९९७पासूनचे नवे ट्रॅक्टर आणि १ मार्च १९९८पासूनचे नवे ट्रेलर अँटिलॉकसह. ट्रेलरच्या डाव्या कुशीवर मागच्या बाजूला एक छोटा पिवळा दिवा असतो, तो या नियमाची खूण. गाडी सुरू झाल्यावर तो क्षणभर लागून विझायला हवा. लागलेलाच राहिला तर यंत्रणेत बिघाड आहे, हे ड्रायव्हरला आरशात पाहूनही कळतं.

महामार्ग सुरक्षा प्रशासनानं २०१०मध्ये मूल्यमापन छापलं. ट्रॅक्टरवरच्या अँटिलॉकमुळं एकूण अपघात जेमतेम ३ टक्क्यांनी घटले होते. जॅकनाइफ मात्र मोठ्या प्रमाणात कमी झाले होते, आणि हे यंत्र मुळात त्यासाठीच होतं. २०१७पासून बहुतेक नव्या ट्रॅक्टरांना स्थिरता नियंत्रणही सक्तीचं झालं. गाडी फिरू लागली, की ते नेमक्या चाकांचा ब्रेक स्वतः लावतं.

माणसाच्या शिक्षणाचं काय? १९८६च्या कायद्यानं अवजड वाहनांच्या परवान्याला देशभर एकच किमान मापदंड लावला. परवान्याची पुस्तिका स्पष्ट सांगते, की ट्रेलर फिरू लागला तर दांडी ओढू नका. मुळात ट्रेलरच्या ब्रेकनंच तो घसरलेला असतो. ब्रेक सोडा, चाकांना फिरू द्या. २०२२पासून नवख्यांना प्रशिक्षण सक्तीचं झालं आणि घसरणं, सावरणं, जॅकनाइफ हे विषय अभ्यासक्रमात आले. पण समजावून सांगण्यापुरते. पाणी सोडलेल्या मोकळ्या पटांगणावर गाडी मुद्दाम घसरवून ती सावरायचा सराव काही प्रशिक्षण संस्था आणि वाहतूक कंपन्या देतात. नियम मात्र त्याची सक्ती करत नाही. त्यामुळं एल्क माउंटनखाली पहिल्या हिवाळ्यात येणाऱ्या नव्या ड्रायव्हरनं ट्रेलर घसरताना हाताला काय जाणवतं ते तोवर फक्त वाचलेलं किंवा ऐकलेलं असू शकतं.