फलकावरची धावती अक्षरे

गणेशोत्सव जवळ आला की काचीगुड्याच्या चौकाचौकांत फलक लागतात. नावे जाड, चेपलेली आणि उजवीकडे झुकलेली. फ्लेक्सवाल्याच्या भाषेत बोल्ड, कंडेन्स, इटॅलिक. जोश दाखवायचा तर अक्षर धावले पाहिजे, असा जाहिरातीचा हिशेब!

मुळात इटॅलिकचा जोशाशी संबंध नव्हता. व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियसने इ.स. १५०१ मध्ये तिरप्या टाइपात अख्खी पुस्तके छापली. ठसे घडवले फ्रान्चेस्को ग्रिफोने. नमुना होता तिथल्या विद्वानांच्या भरभर लिहिण्याच्या वळणाचा.

आपल्याकडे भरभर लिहिण्याचे वळण होते ते मोडीचे. आधी पानभर शिरोरेषा ओढायच्या आणि मग बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचे. हैदराबादच्या जुन्या मराठी घरांतल्या पेट्यांत असे कागद अजून निघतात. पण छापखान्यांनी मुख्यतः बाळबोध उचलली. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये 'निर्णयसागर' छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांच्या हातचे ते अक्षर सुबक, पण ताठ उभे. पोथीला तेच शोभते. मोडीची धाव छापील मराठीत उतरलीच नाही, आणि माझ्या मते ही आपली मोठी हानी झाली.

ती उणीव काही अंशी भरून काढली नाटकांच्या जाहिरातींनी. वर्तमानपत्रातल्या चिंचोळ्या जागेत लांबलचक नाव बसवायचे आणि ते दुरून उठूनही दिसायला हवे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी शेकडो नाटकांची नावे हाताने रेखाटली. 'रायगडाला जेव्हा जाग येते' त्यांपैकीच. प्रत्येक नाटकाला त्याच्या स्वभावाचे अक्षर!

संगणकावर मात्र उभा फॉन्ट नुसता ढकलून तिरपा करतात. रुंदी दाबली की उभे दंड बारीक होतात, शिरोरेषा तेवढीच जाड राहते; 'घ' आणि 'ध' लांबून ओळखू येत नाहीत. तेलुगूला अशी सलग शिरोरेषा नाही, म्हणून तिचे त्यातल्या त्यात निभावते.

आपल्या शहरात आणखी एक अडचण आहे. इथल्या दुकानांत देवनागरी म्हणजे हिंदी. त्यामुळे आपला पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' जाऊन हिंदी वळणाची अक्षरे येतात. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठी रूपेच प्रमाण ठरवली आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने 'मुक्त', 'बालू' आणि चक्क 'मोदक' नावाचा गुबगुबीत फॉन्टही मोफत दिला आहे. अनेक नव्या फॉन्टांत भाषा 'मराठी' निवडली की आपले 'ल' आणि 'श' आपोआप येतात. पुढच्या वर्षी मंडळाचा मजकूर घेऊन जाणाऱ्याने दुकानदाराकडून तेवढे करून घ्यावे, आणि छपाईआधी 'मंडळ'मधला 'ळ' एकदा नीट पाहून घ्यावा.