सव्वादोन रुपयांचा डॉलर

मार्च १९६४. वॉशिंग्टनमधली थंडी अजून सरलेली नाही. व्हाइट हाउसच्या शेजारी अमेरिकेच्या अर्थखात्याची दगडी इमारत आहे, तिच्या दाराशी रांग लागलीय आणि तुम्ही त्या रांगेत उभे आहात. तुमच्या पुढच्या माणसाने रिकामी सुटकेस आणलीय. तुमच्या कोटाच्या खिशात हजार डॉलरच्या नोटा आहेत, ‘सिल्व्हर सर्टिफिकेट’ नावाच्या. ही नोट आणणाऱ्याला चांदी मिळेल असं सरकारचं वचन त्यांच्यावर छापलेलं आहे. इतकी वर्षं ते वचन फारसं कुणी मागितलं नव्हतं. आता सगळे एकदमच मागायला आलेत.

खिडकीतून जाड कापडाची शिवलेली पिशवी पुढे सरकते. हजार नाणी, जवळजवळ सत्तावीस किलो. तुम्ही ती एका हाताने उचलायला जाता आणि खांदा खाली ओढला जातो. बाहेर येऊन तोंडाची शिवण उसवता, हात आत घालता. थंडगार. बोटांना चांदीच्या दातेरी कडा लागतात.

पहिलं नाणं बाहेर काढलंत ना? कडेने धरा. वजन २६.७३ ग्रॅम, म्हणजे आपल्या सव्वादोन तोळ्यांहून किंचित जास्त. त्यावरची स्वातंत्र्यदेवी डावीकडे पाहतेय. जॉर्ज मॉर्गन या इंग्लंडमधून आलेल्या कोरक्याने ती कोरली, तेव्हा त्याच्यासमोर बसली होती फिलाडेल्फियातली एक तरुणी, ॲना विलियम्स. म्हणूनच गालाची गोलाई इतकी खरी वाटते. त्या गालावर बारीक खरचटे आहेत. नाणं बाजारात फिरलेलं नाही, पण पिशवीत नाण्यावर नाणं आपटत राहिलं, त्याच्या या खुणा. कापडाला टेकून राहिलेल्या बाजूवर निळसर-सोनेरी झाक चढलीय. ती पुसू नका. चांदी काळवंडली की घासून लख्ख करायची, हे आपल्या हातांना शिकवावं लागत नाही. पण इथे हात आवरा. घासलेल्या नाण्याचं मूळ तेज एकदा गेलं की परत येत नाही, आणि जाणकार ते लांबूनच ओळखतो.

ही गर्दी का उसळली, तेही ऐकून घ्या. १९०३ साली न्यू ऑर्लिन्सला पाडलेला डॉलर इतका दुर्मीळ मानला जाई की याद्यांमध्ये कोऱ्या नाण्याची किंमत १,५०० डॉलरपर्यंत गेली होती. १९६२च्या अखेरीस सरकारी तिजोरीतल्या विसरलेल्या पिशव्या बाहेर आल्या आणि त्या फोडल्या तर आत तेच नाणं, हजारोंनी! किंमत कोसळली. ज्यांनी आयुष्याची बचत त्या एका नाण्यात घातली होती, त्यांच्याविषयी मला आजही हळहळ वाटते. पण त्याच बातमीने बाकीच्यांच्या मनात आशा पेटवली: आपल्या पिशवीत काय निघेल?

२५ मार्चला खिडकी बंद होते. तळाशी सुमारे तीस लाख नाणी उरलीत आणि त्यांतली बहुतेक नेवाडातल्या कार्सन सिटीच्या टांकसाळीची आहेत. तुमच्या पिशवीत त्यांतलं एकही नाही. सरकार ती मागे ठेवतं आणि १९७२पासून टपालाने विकायला काढतं. तेव्हा तुमच्या दारी एक प्लास्टिकची चौकट येते. आत १८७८चा डॉलर. उलटं करून भिंग धरा. गरुडाच्या खाली, पानांच्या माळेखाली दोन चिमुकली अक्षरं आहेत: सीसी.

१८७८ साली कार्सन सिटीत असे २२,१२,००० डॉलर पाडले. या सरकारी साठ्यात उरले सुमारे ६१ हजार. १८८४चे त्यांच्या निम्मेच पाडले होते, पण ते साडेनऊ लाखांहून जास्त शिल्लक निघाले. १८८९ साली पाडले साडेतीन लाख, आणि साठ्यात निघालं फक्त एक. किती पाडले, यावरून कुठलं नाणं दुर्मीळ ते ठरतच नाही. ते तिजोरीत ठरलं. आणि भट्टीत.

त्या भट्टीपाशीच जाऊ.

१९१८. महायुद्ध चालू आहे. तुम्ही अमेरिकेतल्या एका टांकसाळीत आहात. तिजोरीतून पिशव्यांमागून पिशव्या येतात, वजन होतं, शिवण उसवते. कुठलं साल, कुठल्या टांकसाळीची अक्षरं, कुणीच पाहत नाही. कुणी नोंदही ठेवत नाही. संग्राहकाला कायमची सल देणारी गोष्ट हीच आहे. तुम्ही एक नाणं उचलून डोळ्यांजवळ न्यायला जाता, तेवढ्यात ते मुशीत पडतं. देवीचा गाल आधी मऊ होतो, मग नाहीसा. २३ एप्रिलच्या पिटमन कायद्याखाली एकूण २७,०२,३२,७२२ डॉलर असे वितळले. तोवर पाडलेल्या मॉर्गन डॉलरांच्या जवळपास निम्मे. त्यांतल्या २५,९१,२१,५५४ डॉलरांच्या चांदीच्या विटा इंग्रज सरकारला विकल्या गेल्या. त्या विटा कुठे चालल्यात? चला त्यांच्यामागोमाग.

मुंबईला.

फोर्टात, टाउन हॉलजवळच्या टांकसाळीत तुम्ही शिरता. वसंतात मुंबईच्या करन्सी ऑफिसवर झुंबड उडाली होती. युद्धासाठी कापूस, ताग, धान्य आणि माणसं हिंदुस्थानातून चाललेली, आणि मोबदला मागितला जाई चांदीत. सरकारने एक रुपयाच्या आणि अडीच रुपयांच्या नोटा काढल्या. पण ज्या शेतकऱ्याने कापूस घातला, त्याला कागद नको होता. इंग्रज हरतोय, नोटांची चांदी मिळणार नाही, अशा अफवा पसरल्या. लोक नोटा घेऊन धावले आणि तिजोरीचा तळ दिसू लागला. त्यातच पावसाने दगा दिला आणि इन्फ्लुएन्झाने घरंच्या घरं रिकामी केली. अशा साली गाठीला चार खणखणीत रुपये असणं म्हणजे काय, ते आपल्या पणजीलाच ठाऊक.

समोर वीट वितळतेय. इथे एक हिशेब करून पाहा, मला तो पहिल्यांदा जमला तेव्हा कागदावरून नजर हटेना. डॉलरमधली शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन. रुपयातली १६५ ग्रेन. भागा. उत्तर येतं २.२५, बरोबर सव्वादोन, ना कणभर कमी, ना जास्त. एका देवीचे सव्वादोन राजे. विकलेल्या सगळ्या चांदीचे होतात सुमारे ५८ कोटी रुपये.

पहिला रुपया हातात घ्या. पाचव्या जॉर्जचा मुकुट, मागे १९१८, आणि तळाशी फुलाखाली एक बारीक उठावाचा ठिपका, मुंबईची खूण. कलकत्त्याच्या रुपयावर ती नसते. घरातल्या लक्ष्मीपूजनाच्या ताटात राजाछाप रुपया असेल आणि त्यावर हे साल असेल, तर त्यात नेवाडाच्या डोंगरातली चांदी असू शकते. खात्री कुणीच देणार नाही. वितळलेल्या धातूला आपलं गाव सांगता येत नाही.

त्या डोंगरापर्यंत मात्र तुम्हाला नेलंच पाहिजे.

१८७८, कार्सन सिटी. सिएरा नेवाडाच्या कुशीतलं गाव, धूळ, वाऱ्याला रानझुडपांचा कडवट वास. पलीकडे व्हर्जिनिया सिटी. तिथल्या कॉमस्टॉकच्या शिरेत माणसं इतक्या खोल उतरलीत की खाली दगडच तापलेला असतो. तिथली चांदी इथे येते. टांकसाळीची इमारत वालुकाश्माची, तो दगड इथल्याच तुरुंगाच्या खाणीतला. सरकारला दर महिन्याला किमान वीस लाख डॉलरची चांदी विकत घ्यायला लावणारा कायदा याच वर्षी झालाय, आणि खाणवाल्यांची चांदी डॉलर होऊन तिजोरीत जातेय. त्या डॉलरांची बाजारात कुणाला फारशी गरज नाही. म्हणूनच ते पिशव्यांत झोपणार आहेत.

वाफेच्या इंजिनाच्या पट्ट्यांनी फरशी थरथरतेय. नऊ भाग चांदी, एक भाग तांबं. पट्ट्या लाटल्या जातात, चकत्या कापल्या जातात. बाजूच्या दालनात बायका रांगेने बसल्यात, प्रत्येकीसमोर तराजू, हातात कानस. जड भरलेल्या चकतीची कड एकजण हलकेच घासते, पुन्हा पारड्यात टाकते. काटा मध्यावर आला. चकती पुढे जाते.

छाप यंत्र सहा टनांचं आहे, बिडाचं, फिलाडेल्फियात बनवून इथवर आणलेलं. (ते आजही याच इमारतीत आहे, आता ती संग्रहालय झालीय.) ठोका पडतो. नाणं खालच्या पेटीत घरंगळतं. तुम्ही हात पुढे करता. कोमट आहे. गाल कोवळा, एकही खरचटा नाही. गरुडाच्या शेपटीची पिसं मोजा: सात.

दुसरा ठोका. त्यावर दुसरं नाणं पडतं, हुबेहूब तसंच, आणि पहिल्याच्या गालावर एक बारीक रेघ उमटते. माणूस दोन्ही उचलून मोजणीच्या फळीकडे नेतो. पिशवीचं तोंड उघडं आहे. शेजारी दुसरी पिशवी उघडी आहे. तो एक नाणं इकडे टाकतो, एक तिकडे, आणि पुढच्या ठोक्याकडे वळतो.