थेरपिस्टना अजून शिकायला का जावं लागतं?

‘डॉक्टर, आमच्या थेरपिस्ट बाई दर आठवड्याला स्वतःच कुठल्याशा सीनियरकडे जातात म्हणे. मग त्यांना पुरतं येत नाही का?’ असा प्रश्न नातेवाईक अधूनमधून विचारतात. शंका रास्त आहे. हाडांचे सर्जन काही ऑपरेशननंतर गुरूकडे जाऊन ‘त्या पेशंटचा मला राग का आला’ असं सांगत बसत नाहीत. मनावर उपचार करणाऱ्यांनाच हे का करावं लागतं, ते समजायला शंभर वर्षं मागे जावं लागेल.

आपल्या वागण्यामागची बरीच कारणं आपल्यालाच दिसत नाहीत, ती अबोध मनात असतात, हा फ्रॉइड आणि युंग यांच्या विचारांचा गाभा. हे एकदा मान्य केलं की एक अडचण उभी राहते. अबोध मन फक्त रुग्णाला असतं का? ते उपचार करणाऱ्यालाही असतंच. समजा, एखाद्या थेरपिस्टचं लहानपण धाकात गेलं आहे. समोर करड्या आवाजाचे आजोबा येऊन बसले की तो नकळत दबून बोलेल, विचारायला हवा तो प्रश्न टाळेल. आणि टाळला हे त्याच्या लक्षातही येणार नाही.

म्हणून दुसऱ्याचं मन तपासणाऱ्याने आधी स्वतःचं तपासून घ्यावं, हा आग्रह झुरिकच्या मंडळींनी, म्हणजे युंग यांच्या गटाने धरला. १९१२ साली फ्रॉइडने याचं श्रेय त्यांना मोकळेपणाने दिलं. त्या काळी या शिक्षणाला ना अभ्यासक्रम होता, ना परीक्षा. माक्स आयटिंगॉन या तरुण डॉक्टरचं स्वतःचं विश्लेषण १९०९ मध्ये झालं ते व्हिएन्नाच्या रस्त्यांवर, फ्रॉइडबरोबर संध्याकाळी फेऱ्या मारता मारता! गंमत म्हणजे पुढे याच आयटिंगॉनने या शिक्षणाला शिस्त लावली.

फेब्रुवारी १९२० मध्ये बर्लिनला एक दवाखाना सुरू झाला. पहिल्या महायुद्धाने लोक खचले होते, हातात पैसा नव्हता. इथे ज्याला जमेल तेवढी फी, नसेल तर फुकट. बराचसा खर्च आयटिंगॉन आपल्या घरच्या पैशातून करत. याच दवाखान्यात शिकवण्याची एक पद्धत ठरत गेली: शिकणाऱ्याने स्वतःचं विश्लेषण करून घ्यायचं, व्याख्यानांना बसायचं, आणि रुग्ण तपासताना काय घडलं ते अनुभवी माणसाला नेमाने सांगायचं. आज ज्याला सुपरव्हिजन म्हणतात, ते या तिसऱ्या भागातून आलं. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. आयटिंगॉन ज्यू होते, त्यांना जर्मनी सोडावी लागली. इतरही बरेच जण देशोधडीला लागले. ही पद्धत मात्र त्यांच्याबरोबर देशोदेशी पोहोचली.

पण हे सगळं पदवी मिळेपर्यंतचं झालं. पुढे काय? १९३७ मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, फ्रॉइडने एका निबंधात सुचवलं की विश्लेषकाने दर पाचेक वर्षांनी पुन्हा स्वतःचं विश्लेषण करून घ्यावं आणि त्यात लाज मानू नये. सतत दुसऱ्यांची दुखणी ऐकण्याचा परिणाम ऐकणाऱ्यावर होतो, हे त्याने ओळखलं होतं. एक्स-रे काढणाऱ्यांना किरणांचा धोका असतो, तसंच काहीसं.

या कथेतला मला सर्वांत आवडणारा माणूस मायकेल बालिंट. बुडापेस्टच्या एका जनरल प्रॅक्टिशनरचा हा मुलगा काही काळ बर्लिनच्या त्याच वातावरणात शिकला. बुडापेस्टला परतल्यावर १९३० च्या दशकात त्याने साध्या फॅमिली डॉक्टरांसाठी चर्चासत्रं सुरू केली. सरकारचा संशय इतका की प्रत्येक बैठकीला साध्या वेषातला पोलिस हजर राहून टिपणं घेई. त्या टिपणांचं काय झालं कुणालाच कळलं नाही. एवढंच कळलं की बैठक संपल्यावर तो पोलिस कधी स्वतःच्या, कधी बायकोच्या, कधी मुलांच्या तक्रारी घेऊन डॉक्टरांचा सल्ला घेत असे!

१९३९ मध्ये बालिंट इंग्लंडला आला. १९५० च्या सुमारास लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये त्याने फॅमिली डॉक्टरांचा गट पुन्हा जमवला. कागद न बघता केस सांगायची ही रीत त्याची सहकारी, पुढे पत्नी झालेली एनिड, समाजसेविकांच्या गटात वापरत होती. तीच इथे आली. डॉक्टरने एका अवघड पेशंटबद्दल आठवेल तसं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. काय आठवतं, काय विसरलं जातं, कुठे आवाज चढतो, यावरच चर्चा रंगे. समजा, दर महिन्याला डोकं दुखतं म्हणून येणारी एक बाई आहे. डॉक्टर तिच्या सगळ्या तपासण्या घडाघडा सांगतो, पण घरी कोण कोण आहे ते त्याला सांगता येत नाही. गट नेमका तिथेच थांबतो.

या कामावरचं बालिंटचं पुस्तक १९५७ मध्ये निघालं. त्याचं म्हणणं असं की दवाखान्यात सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे खुद्द डॉक्टर, पण त्याचा डोस आणि दुष्परिणाम कुठल्याच पुस्तकात सापडत नाहीत. दुसरं निरीक्षण तर आपल्याकडच्या कुठल्याही जाड फाइलला लागू पडेल. पेशंट एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो, प्रत्येक जण आपापल्या अवयवापुरतं मत देतो आणि त्या माणसाची जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

ही परंपरा निर्दोष होती असं नाही. संस्थांमधल्या शिक्षणातून होयबा तयार होतात, गुरूच्या मताबाहेर कुणी जात नाही, अशी टीका १९४८ मध्ये खुद्द बालिंटनेच केली. ती मला आजही पटते. नियमित सीनियरकडे जाणं म्हणजे उत्तम उपचाराची हमी, असं मी म्हणणार नाही.

महाराष्ट्रात आम्हा डॉक्टरांनाही नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. त्यासाठी परिषदांना बसतो, नवी औषधं कळतात, ते हवंच. पण ‘या पेशंटपुढे मी अडलोय’ असं चार सहकाऱ्यांसमोर म्हणणं हे वेगळं शिक्षण आहे, आणि जास्त अवघडही. तुमच्या थेरपिस्ट बाई दर आठवड्याला जातात त्या यासाठी.

आता तुमच्या मनातला पुढचा प्रश्न: म्हणजे माझ्या घरच्या गोष्टी तिथे चघळल्या जातात का? तिथे तुमचं नाव सांगायचं नसतं, ओळख पटेल असे तपशील बदलायचे किंवा गाळायचे असतात आणि ऐकणाऱ्यांवरही गुप्ततेचं तेवढंच बंधन असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तरी मन साशंक असेल तर पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीतच सरळ विचारा: ‘तुम्ही सुपरव्हिजन घेता का? माझ्याबद्दल तिथे काय सांगता, काय लपवता?’ चांगल्या थेरपिस्टला या प्रश्नाचा राग येत नाही.